हदगावची दोन तिकिटं

मारुतीरायावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. आमचे मालक चाकूरच्या तालमीत वाढलेले पैलवान. पंधरा-वीस वर्षं जत्रांमधून कुस्त्या केल्या, एक शनिवार चुकवला नाही, आणि त्यानं काय दिलं? पन्नाशीतच माणूस घरची वाट विसरायला लागला. भाजीत मीठ जास्त झालं की ताट भिरकावायचे, मग लेकरासारखे रडायचे. लोक म्हणायचे, पितो. मीही तेच म्हणून भांडले. थेंबाला शिवत नव्हते हो ते.

नांदेडच्या डॉक्टरांनी विचारलं, कुस्तीत डोक्यावर आपटायचे का? आपटायचे की. डोळ्यांपुढं अंधारी आली की वस्ताद तोंडावर गार पाणी मारायचे, कपाळाला माती लावायचे आणि पुन्हा उभं करायचे. एकदा तर कुस्ती मारून आले आणि शेजाऱ्याच्या घरात शिरून जेवायला मागितलं. आम्ही पोट धरून हसलो होतो. डॉक्टर म्हणाले, असलेच मार मेंदूला बाधले असावेत. गेलेलं परत येणार नाही, अजून जाईल. आदल्याच आठवड्यात मालकांनी माझा हात पिरगाळला होता. माझ्यात आता काही उरलं नव्हतं.

त्या दुपारी नांदेडच्या स्टँडवर मी त्यांना बाकावर बसवलं, पाणी आणते म्हटलं आणि माहेरच्या, हदगावच्या गाडीत चढले. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. गाडी सुटली, तरी मागं वळून बघितलं नाही.

कंडक्टर बाई आली. माझ्या तोंडून निघालं, "दोन हदगाव." तिनं शेजारच्या रिकाम्या सीटकडं बघितलं.

"दुसरं कोण हाय, मावशी?"

"मालक स्टँडवरच राहिले," एवढं म्हटलं आणि हुंदकाच फुटला. तिनं जास्त खोदलं नाही. घंटी मारून गाडी थांबवली आणि म्हणाली, "जावा. लई लांब न्हाई आलो अजून."

धापा टाकत पोचले, तर एक म्हातारे गृहस्थ मालकांचा हात धरून बाकावर बसलेले. त्यांनीच सांगितलं, मालक मघाशी उठून गाड्यांच्या मधे चालले होते, लोक दारुडा समजून ढकलत होते. म्हाताऱ्यानं कुस्तीत चुरगळलेले कान बघून पैलवान ओळखला आणि बसवून ठेवलं. मालकांनी माझ्याकडं बघितलं. ओळखलं नाही. सरकून जागा दिली.

"बसा बाई. आमची कारभारीण पाणी आणाया गेली हाय. येईल ती. मला टाकून जात न्हाई."

मी बसले. पदर तोंडात कोंबून रडले.

बरं काहीच झालेलं नाही, उलट वाढलंय. पण मारुतीरायाशी भांडण मिटलं. मी मनानं मालकांना सोडून निघाले होते, आणि जीभ दोन म्हणाली. ती कुणी वळवली, मी विचारत नाही. त्यांचं डोकंही आता परत मागत नाही. तू ठेवशील तसं राहू, म्हणते, फक्त मला त्यांच्याजवळून उठवू नको.

मालक रोज दारात बसून मलाच विचारतात, आमची कारभारीण आली का? मी त्यांच्याजवळ बसते आणि सांगते, येतीय.