पिंपळगाववाली

द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात ती माझ्या शेजारी बसली होती. पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला होती. तीन गर्भ गेल्यावर या खेपेला सातवा महिना लागला होता. गर्भ टिकावा म्हणून दिलेलं रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन ती रोज स्वतःच पोटाला टोचून घ्यायची.

माझेही दोन गर्भ गेले होते; या खेपेला मलाही तेच इंजेक्शन लिहून दिलं होतं. पहिली सुई मी नर्सपुढे धरली, तशी तिनं पदर सारून पोटावरचे काळेनिळे डाग दाखवले.

"मला बी लय भ्याव वाटायचं," ती म्हणाली. "पण पोट माझं, लेकरू माझं. मग सुई दुसऱ्याच्या हातात कशाला?"

मी कातडी चिमटीत धरली आणि टोचली.

दोन महिन्यांनी नर्स बाहेर येऊन ओरडली, "पिंपळगाववालीला मुलगी झाली! तीन किलोची!"

तपासणीसाठी बसलेल्या आम्ही सगळ्याजणींनी टाळ्या वाजवल्या.