कोनाड्यातला तांब्या

मी खाटेवरून उठले आणि पाणक्याने त्या खाटेवर गोमूत्र शिंपडलं.

पाहणीला आलेल्या साहेबाचा टांगा अजून फाटकाबाहेर वळत होता. तेवढाही दम पाणक्याला निघाला नाही. आधी चांगली चादर काढून पेटीत टाकली. मग सुंभावर शिंपडलं, उशीवर शिंपडलं, चारी खुरांवर शिंपडलं. मी भिंतीशी उभी राहून बघत होते. त्याच खाटेवर त्यांनीच मला सकाळी निजवलं होतं. अंगावर लुगडंही त्यांनीच दिलेलं. कारभारी भिकाजीपंत माझ्या डोक्यावरून पाणक्याशी बोलले, "लुगडं राहू दे तिलाच. आता ते कोण नेसणार?"

नवं लुगडं मिळालं म्हणून त्या दिवशी मी घरी खुशीत गेले. सांगायची लाज वाटते, पण सांगते.

मला लिहिता येत नाही. माझ्या नवऱ्याचे चुलते पलटणीत हवालदार होते, आता पेन्शनीवर आहेत. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. ते हे लिहून घेत आहेत. मधेच लेखणी थांबवतात आणि म्हणतात, "सूनबाई, हा शब्द जरा बरा घालू." मी म्हणते, तात्या, मी उपसली ती घाणही काही बरी नव्हती. जसं सांगते तसं लिहा.

कल्याणात खाडीच्या बाजूला एका शेठजींनी निराधार बायांसाठी घर बांधलं. दारावर संगमरवरी पाटी. लोक त्याला म्हातारघर म्हणत. मागे कोणी न उरलेल्या, लकवा झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या बाया तिथे असायच्या. बारा खाटा. शेठजींना सरकारची पदवी हवी होती. त्यासाठी वर्षातून एकदा ठाण्याहून डॉक्टर साहेब पाहणीला यायचा आणि त्याच्या शेऱ्यावर सगळं अवलंबून. स्वयंपाकाला आणि पाण्याला ब्राह्मण. हागमूत काढायला मी, महारवाड्यातली. आधी माझी सासू हे काम करायची. ती थकली, मग माझ्याकडे आलं.

बायांना कुशीवर वळवायचं, खालचं काढायचं, पाठ पुसायची, जखमा धुवायच्या. त्यासाठी लागणारं पाणी पाणक्या माझ्या मडक्यात हातभर उंचीवरून ओतायचा. अंगाला माझा हात लागलेला चालायचा, कारण दुसरं कोणी लावायला तयार नव्हतं. माझं काम आटपलं की तो दारातूनच सगळ्यांवर तुळशीचं पाणी उडवायचा. झाल्या बाया शुद्ध. मात्र त्यांना प्यायला पाणी द्यायला माझा हात चालायचा नाही.

प्रत्येक बाईला पितळेचा तांब्या होता. चिंचेने घासून लखलखीत केलेला. तो खाटेपाशी ठेवायचा नाही, खाटेखालून माझा झाडू फिरायचा ना. झाडू तांब्याला लागला तर? म्हणून भिंतीत वर कोनाडे केले होते. उभ्या माणसाच्या छातीएवढे उंच. पाणक्या दिवसातून दोनदा यायचा, सकाळी आणि दिवे लागायच्या आधी. तांबे भरायचा, ज्यांना उठता येत नाही त्यांच्या तोंडात चार घोट ओतायचा आणि जायचा. ज्या उठू शकत त्या मधल्या वेळी उठून पीत. बाकीच्या पडल्या पडल्या कोनाड्याकडे बघत.

ही सोय माझ्यामुळे केलेली. हे मला फार उशिरा कळलं.

साहेब यायचा तेव्हा त्याच्या हातात छापील प्रश्नांचा कागद असायचा. तो जमीन बघायचा. खिडक्या मोजायचा. काठीच्या टोकाने चादर उचलायचा. आणि मग एका ओळीत चमकणारे बारा तांबे बघून म्हणायचा, "व्हेरी गुड." एवढं इंग्रजी मलाही कळतं.

जनी कोलशेतची आगरीण. उभा जन्म मिठागरात गेला, पायांची चाळण झाली आणि एक दिवस ती उठेनाशी झाली. भरतीच्या वेळी मुलगा तिला होडीत घालून खाडीने कल्याणला घेऊन आला. ठेवून गेला तो पुन्हा आला नाही. पहिल्याच आठवड्यात तिचे ओठ सुकलेले बघून माझा हात कोनाड्याकडे गेला. तशी ती ओरडली, "हात नको लावू गो! बाटंल!"

मी हात मागे घेतला. मला राग आला. खोटं कशाला बोलू, तो अजून सगळा गेलेला नाही. खालचं काढायला मी, आणि तांब्याला हात लावला की बाटणार. पण पाठ धुताना ती बोलायची. मीठ कसं पिकतं, कोणत्या वाऱ्याला दाणा मोठा येतो. मी ऐकायचे. दुसरं कोणी माझ्याशी बोलायचं नाही आणि तिच्याशीही नाही.

तिच्या पाठीला जखम झाली. आधी सुपारीएवढी. मग माझी मूठ जाईल एवढी. मी दारात उभी राहून भिकाजीपंतांना म्हणाले, "पंत, जनीच्या पाठीला भोक पडलंय. डॉक्टरला दाखवा, मायबाप."

ते म्हणाले, "पाहणीला अजून वेळ आहे."

पाहणी आली. वैशाख होता. ज्यांच्या जखमांना वास येत होता अशा चार बाया सकाळीच मागच्या गोठ्यात नेऊन पेंढ्यावर टाकल्या. त्यात जनी. आता चार खाटा रिकाम्या दिसणार. तीन खाटांवर स्वयंपाकिणीच्या नात्यातल्या बाया निजल्या. जनीच्या खाटेवर निजायला कोणी तयार होईना. सरणाला टेकलेल्या बाईच्या खाटेवर धडधाकट माणसाने पडायचं नसतं, म्हणे. मग भिकाजीपंतांची नजर माझ्याकडे वळली. पाणक्या कुरकुरला. पंत त्याला म्हणाले, "साहेबाला जात दिसते का?"

मला आंघोळ घातली, लुगडं नेसवलं, झोपवलं. काय बोलायचं ते दोनदा म्हणून घेतलं. साहेबाने सोबतच्या कारकुनाकडून विचारलं, जेवणखाण कसं आहे. मी पढवलेल्या पोपटासारखी बोलले, "घरच्यापेक्षा बरं आहे, मायबाप." साहेब हसला. कागदावर लिहिलं आणि निघून गेला. पुढचं गोमूत्राचं वर सांगितलंच आहे.

नंतर जनीला आणून त्या ओल्या सुंभावर टाकली. तिची जखम टेकली आणि ती किंचाळली. तसं किंचाळणं मी बाळंतिणीचंही ऐकलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिला ताप भरला. मी शेजारच्या खाटेखालून झाडू फिरवत होते. ती म्हणाली, "बाय, मना पानी दे गो."

मी दाराकडे बघितलं. म्हटलं, "पाणक्या येईल आता."

"कोन बगतंय? दे गो."

तांब्या भरलेला होता. तीन पावलांवर. आणि मी म्हटलं, "बाटशील."

तिचाच शब्द तिला परत केला. भीतीने केला की सूड म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल. तिने पुन्हा मागितलं नाही. मान वळवून कोनाड्याकडे बघत राहिली. मी पुढच्या खाटेकडे गेले.

दिवे लागायच्या आधी पाणक्या आला तोवर ती गेली होती. तो दारातूनच मागे फिरला. प्रेत काढायला आमच्यातलीच दोन माणसं बोलावली. दुसऱ्या दिवशी तिचा तांब्या पाणक्याने मोरीत उपडा केला. काठोकाठ भरलेला होता.

तात्या विचारतात, तू तिला मारलंस असं तुला म्हणायचंय का? नाही. ताप होता, जखम होती, वय होतं. पण पाण्याजवळ मी उभी होते, माझे हात धड होते, आणि कोणीही मला बांधून ठेवलेलं नव्हतं. बारा खाटांची सगळी घाण मी उपसली, आणि शेवटी त्यांचा कायदा चालवायला पुन्हा मीच. कोनाडा भिंतीत होता तसा माझ्यातही होता. हे मला कळलं तेव्हा जनीची खाट दुसऱ्या बाईला देऊन झाली होती.

वर्षभर मी तसंच काम केलं. एकदम वाघीण झाले असं कोणी समजू नये. पोट होतं, भीती होती. पण आता मोजायला लागले. कोण किती वेळ कोनाड्याकडे बघते, कोणाची जीभ टाळूला चिकटते, कोणाचं लघवीचं फडकं दिवसभर कोरडं राहतं. साहेबाच्या कागदात यातला एकही प्रश्न नव्हता. मला विचारलं असतं तर मी एका दमात उत्तर दिलं असतं. पण वरचे लोक घाणीला हात लावायचे नाहीत आणि जी लावते तिला तोंड नाही.

यंदाची पाहणी आली. पुन्हा वैशाख, पुन्हा गोठा. यंदा गोठ्यात काशी होती. मुरबाडकडची कुणबीण, अर्धं अंग गेलेली. भिकाजीपंत म्हणाले, "मागच्यासारखंच. येतं ना सगळं?" मी मान हलवली आणि काशीच्या खाटेवर जाऊन पडले.

साहेब आला. कारकुनाने तोच प्रश्न विचारला. मी उठून बसले आणि म्हटलं, "मी इथली रोगी नाही. मी इथली घाण काढते. या खाटेची बाई गोठ्यात आहे."

भिकाजीपंतांचा चेहरा पांढरा झाला. कारकुनाने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि साहेबाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. साहेब हसला. कागदावर लिहिलं. गेल्या वर्षी हसला होता तसाच हसला. मी काय बोलले ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. उंदराला मांजर साक्ष.

मग मी खाटेवरून उतरले. हात लांब केला आणि कोनाड्यातला तांब्या घेतला.

तेव्हा जो गलका झाला तो कोणाला इंग्रजीत सांगावा लागला नाही. पाणक्या "शिवली, शिवली" करत मागे सरकला. स्वयंपाकीण पदर सावरत पळाली. भिकाजीपंत माझ्या अंगावर धावून आले आणि हातभर अंतरावर थांबले. कारण मला धरायचं तर शिवावं लागणार. ते सगळे माझ्याभोवती थांबले आणि मी त्यांच्यामधून चालत गेले. सगळा जन्म त्यांच्या ज्या विटाळाला मी घाबरले, त्याने त्या दिवशी मला वाट करून दिली. मागून साहेबाचे बूट वाजत होते. काय झालं ते त्याला बघायचं होतं.

गोठ्यात काशी पेंढ्यावर होती. मी बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. म्हटलं, "काशी, माझ्या हातचं आहे. पिशील?"

तिला बोलता येत नव्हतं. तिने तोंड उघडलं. अर्धं पाणी गालावरून सांडलं, पण तिने तांब्या संपवला. मग मी तिला कुशीवर वळवून पाठ उघडी केली. साहेब नाकाला रुमाल लावून दारात उभा होता. त्याने बघितलं. पेंढ्यावरच्या चारही बाया बघितल्या. आणि तिथेच उभ्या उभ्या बराच वेळ कागदावर लिहीत राहिला. मला वाटलं, झालं. आता जनीला न्याय मिळेल.

साहेब गेल्यावर त्यांनी तांब्या खाडीत फेकला. काशीच्या तोंडात शुद्धीसाठी पंचगव्य ओतलं. पाणी द्यायला ज्यांना दिवसात दोनदाच वेळ व्हायचा, त्यांना शेण-गोमूत्र पाजायला लगेच वेळ झाला. मला सांगितलं, पुन्हा फाटकाशी दिसू नकोस.

आठ दिवसांनी भिकाजीपंत स्वतः महारवाड्याच्या वेशीपर्यंत आले. नाकाला उपरणं. म्हणाले, "झालं गेलं विसर. उद्यापासून ये. घरात उभं राहवत नाही."

मी विचारलं, "साहेबाने काय लिहिलं?"

"गोठ्यात हवा नाही, भिंतीत खिडकी पाडावी, असं लिहिलं. पाडली."

"आणि पाण्याचं?"

त्यांना खरंच कळलं नाही. म्हणाले, "पाण्याचं काय?"

मी म्हटलं, "माझ्या हातचं जिला चालेल तिला मी पाणी देईन. जिला नाही चालणार तिचा तांब्या तिच्या हाताशी राहील. माझा झाडू त्याला लागला तरी राहील. कोनाडे बुजवा."

"मग त्या घरात चांगल्या घरची बाई येईल का?"

"पंत, चांगल्या घरच्या बाईला मी गेली सहा वर्षं धुते आहे."

ते निघून गेले. आमच्या वाड्यातल्या घराघरात जाऊन मी हे सांगितलंय. दुसरी कोणीही जाणार नाही. मला माहीत आहे, आज काशी घाणीत पडली असेल.  तात्यांची बायको म्हणाली, "त्या बिचाऱ्यांचा काय दोष? जाऊन ये गं." हेच ऐकून माझी सासू गेली, मग मी गेले, उद्या माझी मुलगी जाईल. दया आमच्याकडे मागायची आणि पाणी आमच्याकडून घ्यायचं नाही. ही असली दया मी आता करणार नाही.

हा कागद तात्या ठाण्याला साहेबाकडे पाठवणार आहेत, कारकुनाच्या हातात न देता. साहेब, खिडकी पाडलीत, बरं केलंत. आता पुढच्या वेळी खिडक्या मोजू नका. जिला हलता येत नाही तिच्या खाटेवर पाठ टेका, हात लांब करा, आणि पाणी हाताला लागतं का बघा. लागत नसेल तर का लागत नाही ते विचारा. कारकुनाला विचारू नका.

मी वेशीच्या अलीकडे आहे. पंत परवा माणूस पाठवणार आहेत, असं ऐकते. त्याला सांगायचं ते ठरलेलं आहे. आधी पाणी. मग झाडू.