भावजींचं नाक

माझे भावजी शेगड्या दुरुस्त करायचे आणि त्यांना वास येत नव्हता. हसू नका, खरं सांगतेय. एका लांबलेल्या तापात त्यांचं नाक जे गेलं ते गेलंच. गॅसचं काम करणाऱ्याला गॅसचाच वास येत नाही म्हटल्यावर कोण दारात उभं करणार? म्हणून हे फक्त माझ्या ताईला ठाऊक होतं आणि, तिच्या पोटात काही राहत नसल्यामुळे, मला.

तेव्हापासून ताई त्यांच्याबरोबर कामाला जायला लागली. भावजी नळीला आणि जोडांना साबणाचा फेस लावायचे; बुडबुडा आला की तिथे गळती. पण फेस सगळीकडे पोचत नाही. तिथे ताईचं नाक. सगळं ठाकठीक असलं की ती म्हणायची, "चला, उशीर होतोय." वास आला तर घरच्या बाईकडे प्यायला पाणी मागायची, की भावजी मुकाट्याने शेगडी पुन्हा उलटी करायचे. एकदा तिला खरंच तहान लागली, तर यांनी धडधाकट शेगडी खोलून ठेवली! लोक चिडवायचे, याचं बायकोशिवाय पाऊल पडत नाही. भावजी म्हणायचे, "नाहीच पडत बुवा."

गेल्या हिवाळ्यात ताई झोपेतच गेली. भावजी पिशवी उचलून एकटेच कामाला जायला लागले. मी तडकलेच.

"भावजी, कुणाचं तरी घर उडवाल! बंद करा हे."

"दोनदा फेस लावून बघतो ना मी."

"आणि फेस पोचत नाही तिथे?"

"घरी बसून करू काय, ते सांग."

दोघांनी मिळून केलेलं तेवढं एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं.

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले, तर दारातच गॅसचा भपकारा. चहा उतू जाऊन शेगडी विझलेली, बटण चालूच, आणि भावजी समोर उभे, हातात काडेपेटी.

"ठेवा ती!" मी अशी किंचाळले की काडेपेटी खाली पडली. शेगडीचं बटण बंद, सिलिंडर बंद, खिडक्या सताड उघड्या. दिव्याला हात न लावता दंडाला धरून त्यांना बाहेर जिन्यात बसवलं. तोंडाचा पट्टा चालूच होता माझा.

"डोळा लागला होता गं," ते म्हणाले. मग एकदम उठले. "सकाळी कोपऱ्यावरच्या बाईंकडे काम करून आलोय. तू चल. हुंगून बघ."

गेलो. ओट्याखाली वाकून मी हुंगलं. काही नव्हतं, देवाची कृपा. पण भावजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. घरी येताच हत्यारांची पिशवी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "देऊन टाक कुणाला तरी. बास झालं."

जिंकले होते मी, पण रडू येत होतं.

मग स्वयंपाकघरातल्या खुंटीवरून त्यांनी ताईचा स्वेटर काढला. "मला काही कळत नाही. तू सांग, तिचा वास आहे का अजून?"

मी नाकाशी धरला. गॅस, नुसता गॅस.

"आहे," मी म्हटलं. "ताईचाच आहे."

त्यांनी तो हलकेच माझ्या हातातून घेतला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि वास उडून जाऊ नये म्हणून घट्ट गाठ मारली.