खोडे आडनावाचे काका

झरी गावात आमच्या थोरल्या काकांकडे कोणी आलं, की बस म्हणण्याआधी ते त्याचं आडनाव विचारत. मग चारचौघांत त्या आडनावाची अशी चिरफाड करत, की माणूस खाली मान घालून उठे. "तुमचा आजा कुनाच्या तरी दारात उष्टं खात असंल, त्याबिगर असलं आडनाव पडतंय का?" हे ते शांतपणे विचारत. हसत कधीच नसत.

आपल्या आडनावाचा मात्र त्यांना भारी गर्व. आम्ही खोडे. खोडा म्हणजे दोन जाड फळ्या; मध्ये पाय अडकवून कुलूप घातलं की माणूस जागचा हलत नाही. काकांचे आजोबा तुकोजी यांना निजामाच्या अरब शिपायांनी खोड्यात घातलं, तरी ते वाकले नाहीत, म्हणून आम्ही खोडे, अशी घरातली कथा. "आमचं खानदान इज्जतीचं हाय," असं काका जेवताना, भांडताना, अगदी काकूवर हात उगारतानाही म्हणत.

तुकोजींच्या नावाने ओटा बांधायचं काकांनी मनावर घेतलं. तुकोजी मूळचे येलदरीकडचे, पूर्णेच्या काठचे. तिथली माती आणायला काका आणि मी बैलगाडीने गेलो. तुकोजींना पाहिलेलं कोणी उरलंय का, असं काकांनी विचारल्यावर लोकांनी मेंढरं राखणाऱ्या घरातली बायजा दाखवली. पार थकलेली, डोळ्यांनी अधू. काकांनी उत्साहाने अरबांचा विषय काढला. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं.

"अरब कुठले? खोडा तुकोजीच्याच दारात व्हता. मेंढरं जवारीत शिरली म्हनून माझ्या बापाला त्येनं त्यात घातलं. पाय सडला. त्यातच बाप गेला."

मला वाटलं, काका खचतील. निदान तिच्यापुढे काही बोलतील. ते उठले, मूठभर माती धोतराच्या सोग्यात बांधली आणि गाडीत बसले. बरीच वाट सरल्यावर म्हणाले, "म्हंजी आमी खोड्यात पडलेले न्हाई. घालनारे हावोत." आवाजात आनंद होता.

ओटा झाला. सुताराकडून बाभळीचा खोडा करवून काकांनी तो शेजारी ठेवला. गावाला ती शोभेची वस्तू वाटली. पुढच्या सुगीत कोणाच्या तरी शेळ्या आमच्या रानात शिरल्या. काकांनी त्या कोंडल्या. त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, विठ्ठलने, न विचारता सोडून दिल्या. काकांनी गड्यांकरवी त्याला खोड्यात घातलं आणि कुलूप स्वतः लावलं. दोन दिवस तो उन्हात होता. काकू पाणी घेऊन गेली, तेव्हा काकांनी तिच्या हातातला तांब्या घेऊन मातीत रिता केला. आम्ही पुष्कळ विनवलं. "रगत तपासायलोय," एवढंच ते म्हणाले.

खोड्याने पायाला झालेली जखम चिघळली. विठ्ठल वाचला, पण लंगडा झाला. चालता येऊ लागताच तो मानवतला गेला आणि कापसाच्या कारखान्यात लागला. घरात त्याचं नाव काढायची बंदी झाली.

निजामाचं राज्य गेलं त्या साली काकांना अर्धांगवायू झाला. जीभ जड झाली आणि तिच्यावर एकच नाव राहिलं, विठ्ठल. काकू त्यांना भरवी, पुसून काढी, कूस बदलून देई. त्यांनी विचारलं की म्हणे, "निरोप धाडलाय. यायलाय." काका दाराकडे तोंड करून पडून राहत. तसेच गेले. अग्नी मी दिला.

तिसऱ्या दिवशी काकू त्यांचं अंथरूण धूत होती. मी म्हटलं, विठ्ठलने इतकं कठोर व्हायला नको होतं. तिचे हात थांबले नाहीत.

"निरोप मी धाडलाच न्हाई," ती म्हणाली. "पोरगं मऊ हाय. आलं असतं, अन् माफ केलं असतं."