लुटायची आमराई

लिंबाजी जिनगर झाडांशी भांडत असे. पाटोद्याच्या बाजाराहून परतणाऱ्या माणसांना तो वाटेवर असाच भेटायचा. एखाद्या बाभळीसमोर उभा, एक डोळा मिटलेला, हाताचा अंगठा पुढे धरलेला, आणि तोंडाचा पट्टा चालू. "आसा कावून वाकलास बे? सरळ वाढायला काय झालतं तुला? आता तुझी नकल करता करता माझी मान मोडणार." मग झाडाचं म्हणणं ऐकून घेतल्यासारखा जरा थांबायचा, मान डोलवायचा आणि खाली पडलेली एखादी वाळकी काडी पागोट्यात खोचून चालू लागायचा. नवख्या माणसाला वाटे, याचं डोकं फिरलंय. आमच्या गावाला मात्र कळायचं, की कुठल्या तरी लग्नाची बाग सुरू झाली.

बाग म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. माझ्या लहानपणी, निजामाच्या अमलात, आमच्याकडे बऱ्या घरचं लग्न असलं की जानवशाहून मांडवात येणाऱ्या नवरदेवाच्या पुढे कागदाची झाडं चालायची. लाकडी फळ्यांवर वीत-दोन वीत उंचीची झाडं मांडून गडी त्या फळ्या डोक्यावर घेत. आधी वाजंत्री, मग बाग, मग घोड्यावर नवरदेव. मांडवाच्या दारी फळ्या खाली टेकल्या की गावानं ती बाग लुटायची. धक्काबुक्की, ओढाताण, हसणं. बघता बघता फळ्या रिकाम्या व्हायच्या. ज्याच्या हाती जी फांदी लागली ती त्यानं घरी नेऊन देवळीत खोचायची. एवढ्या मेहनतीची झाडं घटकाभरात मोडतात म्हणून कुणी हळहळलं, तर लिंबाजीमामाच त्याला झापायचा. "लुटली तर बाग, न्हाईतर कचरा! पंगतीत वाढलेलं पान तसंच ऱ्हायलं तर आचाऱ्याला बरं वाटंल का?"

दुसरे कारागीर बेगडाची, अभ्रकाची चकचकीत झाडं करत. सोन्याची पानं, निळी फुलं, अशी झाडं देवानंही पाहिली नसतील. मामाचं तसं नव्हतं. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या घोड्यांची खोगिरं शिवायचं काम. जहागीरदारांचे घोडे कमी झाले तसा तो झाडांकडे वळला. पण चामड्याला टाका घालणारी नजर कागदाला लागली की ती असली बेगडी थट्टा कशी सोसणार? तुरीची, पऱ्हाटीची उपटलेली मुळं उलटी धरून तो त्यांतून खोड आणि फांद्या निवडायचा. वर डिंक आणि नदीची बारीक वाळू लावून साल करायचा. विहिरीतलं शेवाळ वाळवून त्याची चिंचेची पालवी, आणि हळद-निळीत रंगवलेला कागद कातरून बाकीची पानं. तो कागद तहसील कचेरीतल्या रद्दीचा. म्हणून त्याच्या लिंबाचं पान उलटं केलं की पाठीवर उर्दू अक्षराचं एखादं वळण दिसायचं.

सगळ्यांत जास्त वेळ तो झाडाच्या बुडाशी घालवी. झाड फळीवर उभं राहावं म्हणून खाली मातीचा गोळा असे. लुटणारे तो गोळा फेकून फांद्या तेवढ्या नेत, तरी मामा तो गोळाही मन लावून घडवायचा. त्यावर गवत, दगड, मुंग्यांचं वारूळसुद्धा. "वरचं समदे बघतेत," तो म्हणे, "बूड कोन बघतंय? पर झाड उभं ऱ्हातं ते बुडावर."

त्याचे किस्से पुष्कळ. एका देशमुखांच्या लग्नात त्यानं बाभळी केल्या, आणि त्यांना खरे काटे लावले. लुटालूट झाली तेव्हा निम्म्या गावाची बोटं रक्ताळली. देशमुख लालबुंद. "लग्नात काटे लावतोस व्हय रे?" मामा हात जोडून म्हणाला, "मालक, बाभळीला गुलाब कसे लावू? ती लाजंल की." दुसऱ्या एका लग्नात बाग अंगणात वाळत ठेवलेली असताना शेळीनं त्याची एक बोर अख्खी फस्त केली. लोक हसले, म्हणाले, शेळी कागद चिकटवायच्या खळीच्या वासाला आली. मामाला ते अजिबात पटलं नाही. "खळ तर समद्या झाडांना होती. तिनं बोरच कावून खाल्ली? वळखली म्हनून!" त्या शेळीचं कौतुक तो पुढे कितीतरी वर्षं करत होता. माणसांनी केलेल्या वाहवेची त्यानं एवढी आठवण कधी ठेवली नाही.

आमच्या घराशी त्याचं नातं आमराईमुळे. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. दादांची आमराई ओढ्याच्या काठाला होती, आणि तिच्यातल्या एकेका झाडाला नाव होतं. खोबऱ्याची चव लागायची ती खोबरी. शेपूचा वास यायचा ती शेपी. गोटीएवढ्या कैऱ्यांची गोटी. चीक गळायचा म्हणून रडकी. खोगिरांची गाठोडी घेऊन जाणारा लिंबाजीमामा खोबरीखाली हटकून टेकायचा आणि दादा त्याला पाडाचे आंबे द्यायचे. पुढे लागोपाठ पाऊस गेला. ओढा आटला, विहीर आटली, आणि झाडं उभी वाळली. वाळलेली झाडं दादांनी स्वतः उभं राहून तोडून घेतली. त्यानंतर ते त्या बाजूला फिरकले नाहीत. कुणी नवं झाड लावायचं म्हटलं की म्हणत, "माझ्या हातानं आता झाड न्हाई जगायचं."

माझं लग्न माजलगावच्या घरी ठरलं तेव्हा मायनं मला हळूच सांगितलं, "तुझं लगीन झालं की तुझे दादा मला न् तुझ्या धाकट्या भावाला घेऊन, घर बंद करून जालन्याला अडतीवर जाऊन बसतो म्हन्तेत. जमीन बटईनं देनार." मी तेव्हा केवढीशी! सासरची भीती वाटत होतीच, पण ही भीती त्याहून मोठी होती. आखितीला, अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. मी कुठे येणार? कुलूप बघायला?

बागेचं विचारायला लिंबाजीमामा आला तेव्हा दादा म्हणाले, "काय बी कर, मला इचारू नगंस." मामा ओसरीवरून उठला, मला परसात गाठलं आणि म्हणाला, "मंग नवरीलाच इचारतो. कोनती झाडं करू, माय?"

मी म्हणाले, "आमराई."

त्यानं एक डोळा मिटून ओढ्याच्या बाजूला पाहिलं. मग म्हणाला, "दादांना सांगू नगं," आणि निघून गेला. मी मात्र त्या रात्री नीट जेवले नाही. आपण काय मागून बसलो, असं वाटत राहिलं.

लग्नाच्या दिवशी सांजच्याला जानवशावरून वाजंत्री निघाली. नवरीनं बघू नये म्हणत म्हणत आत्याच मला माळवदावर घेऊन गेली. कठड्याआडून मी बघत होते. दादा मांडवाच्या दारी पाण्याचा तांब्या घेऊन उभे. गडी आले, त्यांनी फळ्या खाली टेकल्या, आणि पुढची पोरं हात उचलून धावली ती तशीच थबकली.

"आरं, ही तर शेपी!" कुणीतरी म्हणालं.

शेपीच होती. जमिनीला समांतर गेलेली तिची ती फांदी, जिला आमचा झोका असायचा. शेजारी विहिरीकडे झुकलेली गोटी. राघूंच्या ढोलीसकट खोबरी. रडकीच्या खोडावर डिंकाचे ओघळ. एवढ्या वर्षांनी त्यानं नुसत्या आठवणीतून उभी केली होती. माणसं वाकून बघत होती, एकमेकांना झाडं दाखवत होती. म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावत होत्या. हात मात्र कुणीच घालीना. वाजंत्री थांबली. व्याही मागून ओरडले, "मुहूर्त टळतोय की!"

लिंबाजीमामा गर्दीतून पुढे घुसला. त्याचा चेहरा उतरला होता. "लुटा की बे! बघत काय उभे ऱ्हायलात?"

"कसं लुटावं मामा?" एक जण म्हणाला. "दादांची आमराई हाय ही."

मामा दादांकडे वळला. "मालक, तुमी हात घाला. तुमी घातल्याबिगर कोनी घालनार न्हाई."

दादा म्हणाले, "एकडाव तोडली, लिंबाजी. आता पुन्ना माझ्याच हातानं?"

वर माळवदावर मला हुंदका आला. हे सगळं मीच मागितलं होतं.

"तोडायला कोन म्हन्तंय?" मामा म्हणाला. "उचला. बुडासकट उचला. समद्यांनी बुडासकट न्या. कड्याला, माझ्या बहिनीच्या गावी, तिच्या परसात आंबा हाय. तुमी दिल्याल्या खोबरीची कोय टाकलती तिनं. त्याला यंदा पाड लागला. त्याच्याच कोया हाईत ह्या बुडात. मिरग लागला की गोळा तसाच मातीत ठिवा, मालक. वरचं झाड कागदाचं हाय, ते पावसानं जाईल. जाऊ द्या."

दादांनी तांब्या खाली ठेवला. गुडघे टेकून त्यांनी खोबरी दोन्ही हातांनी उचलली आणि तान्ह्या लेकराला धरावं तशी छातीशी धरली. मग मात्र बाग लुटली! तशी लूट गावानं आधी पाहिली नव्हती. बायकासुद्धा घुसल्या. कुणी फांदी मोडली नाही, फक्त बुडं पळवली. गर्दीच्या मधोमध लिंबाजीमामा पागोटं सुटलेल्या अवस्थेत ओरडत होता, "आस्सं! आस्सं!" मी माळवदावर टाळ्या पिटल्या आणि आत्याचा धपाटा खाल्ला.

निघताना मी दादांच्या पाया पडले तेव्हा धीर करून विचारलं, "दादा, आखितीला मी कुठं येऊ?" ते तोंड फिरवून म्हणाले, "हितंच ये. आता कोय घालायची म्हन्ल्यावर पानी कोन घालनार? पाच-सात वर्सं तर ऱ्हावंच लागंल." मी बैलगाडीत रडले, पण ते रडणं निराळं होतं.

सगळ्याच कोया रुजल्या असं नाही. काही कुजल्या, काही शेळ्यांनी ओळखल्या. पण बऱ्याच आल्या, आणि आमची ओढ्याकाठची आमराई गावभर पांगली. कुणाच्या परसात, कुणाच्या बांधावर, एक मारुतीच्या पाराशी. दादांनी आपली जुन्या खोबरीच्या जागीच लावली. मामा वाटेनं जाताना तिच्यासमोर थांबायचा, एक डोळा मिटायचा. "लवकर वाढ की बे," म्हणायचा, "मी काय तुझ्यासाठी थांबनार हाय?"

तो थांबला नाही. झाड पुरुषभर उंच झालं त्या थंडीत गेला. मी आखितीला आले तेव्हा दादांनी सांगितलं. रक्ताच्या माणसासाठी रडावं तशी मी त्याच्यासाठी रडले.

पहिला आंबा लागला तेव्हा दादांनी स्वतः कापला. आम्ही सगळे ओसरीवर बसलो होतो. फोड तोंडात घातली आणि एकमेकांकडे पाहिलं. ती खोबरीची चव नव्हती. जरा आंबट, मागून गोड, वास अगदी वेगळा. दादांनी बाठा चोखून संपवला आणि म्हणाले, "ही खोबरी न्हाई. हिचं नाव दुसरं ठिवावं लागंल."

नाव ठरवायला कुणाला विचार करावा लागला नाही. ती जिनगरी.

आता दादा नाहीत, माय नाही. मी आखितीला अजून जाते. गावातली पोरं भर दुपारी येऊन जिनगरीवर दगड मारतात, कैऱ्या पळवतात, आणि माझा भाऊ काठी घेऊन त्यांच्या मागे धावतो. परवाही धावत होता. मी खाली सावलीत बसले होते. त्याला म्हणाले, "बस खाली. लुटू दे. लुटली तर बाग."