सोडियमला पाणी नाही

दर रविवारी मी जबलपूरच्या गढा भागात जाते. बाजाराच्या तोंडाशी ई-रिक्षा सोडायची, दोन गल्ल्या चालायच्या, की दारातल्या खाटेवर काका बसलेले दिसतात. माझ्या चपलांच्या आवाजावरून ते मला ओळखतात. "आल्या मॅडम," म्हणतात आणि खाटेवर जागा करतात. हे काका म्हणजे आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले लॅब अटेंडंट. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना त्यांचे दोन्ही डोळे गेले. उजव्या डोळ्यात काहीच उरलं नाही, डाव्याला ऊन आणि सावली यांतला फरक तेवढा कळतो. ते डोळे माझ्या एका वाक्यापायी गेले. दोन वर्षं हे त्यांना माहीत नव्हतं आणि मला सांगायचा धीर होत नव्हता.

लग्न होऊन मी अमरावतीहून जबलपूरला आले. नवरा खमरियाला कारखान्यात, क्वार्टर तिकडेच, आणि मी रोज बसने शहरातल्या एका खाजगी कॉलेजात शिकवायला. वर्गात हिंदी, स्टाफरूममध्ये हिंदी. पहिल्याच दिवशी माझ्या हातातून ब्युरेट निसटला आणि तोंडातून "अगं बाई" निघालं. मागून कोणीतरी म्हणालं, "काहून घाबरून राहिल्या मॅडम? फुटला तर फुटला, माणूस नाही न फुटला." तेव्हापासून ते माझे काका झाले. त्या इमारतीत मराठीत भांडता येईल असं तेवढं एकच माणूस होतं, आणि मला भांडल्याशिवाय चैन पडत नाही.

सोडियमची बाटली त्यांच्या ताब्यात असे. रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेले ते मळकट ढेकूळ पाहून हा धातू आहे यावर मुलांचा विश्वास बसत नसे. काका चिमट्याने एक ढेकूळ काढायचे, गाळणकागदावर टिपायचे आणि कोरड्या सुरीने त्याचा काप काढायचे. हिवाळ्यातलं लोणी कापावं इतकं ते सहज कापलं जातं. आत चांदीसारखं लख्ख निघतं आणि बघता बघता हवेनं काळवंडतं. मग मुगाच्या डाळीएवढा तुकडा प्रत्येकाला. उरलेला चुरा बेसिनमध्ये कधीच नाही, तो स्पिरिटमध्ये टाकून शांत होईपर्यंत काका शेजारी उभे राहत. आग लागलीच तर कोरड्या वाळूची बादली भरलेली. तीस वर्षांत त्यांनी सोडियमला हाताचं बोट लावलं नव्हतं.

रेशनचं रॉकेल बंद झालं तेव्हा बाटलीत काय भरायचं हा प्रश्न आला. मी औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आणलं, बद्धकोष्ठावर देतात ते. दुकानदाराने विचारलं, "कब्ज किसको है, दीदी?" काकांना ते इतकं आवडलं की महिनाभर ते बाटली काढताना म्हणायचे, "पोट कसं आहे आज ठकुराईनचं?" ठकुराईन हे त्यांनी सोडियमला दिलेलं नाव. "तुमच्यासारखीच आहे मॅडम. तेलात ठेवा, शांत. पाण्याचा थेंब लागला की भडकली." मला राग यायचा आणि हसूही यायचं.

आता ते वाक्य. पहिल्या वर्षाच्या वर्गात मी सोडियम शिकवायचे ते पाठांतरासारखं. ओमतीच्या रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे याचेच, डाळीतल्या मिठात हेच, अणुभट्टीतली उष्णता वाहून न्यायलाही हेच, असं सगळं सांगून झालं की मी टेबलावर डस्टर आपटायचे. "सोडियम को क्या नहीं?" साठ मुलं ओरडायची, "पानी नहीं!" हातावर पडलं तर? "पानी नहीं!" कपड्यावर? "पानी नहीं!" तेच वाक्य लाल अक्षरात लिहून मी भिंतीवर लावलं होतं. मला त्याचा अभिमान होता. नियम अर्धा सांगितला तर तो नियम राहत नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, असं मी आता म्हणू शकते. पण पुस्तकात ते होतं. मी वाचलंही होतं. मुलांना एवढं कशाला, गोंधळतील, असं म्हणून मी ते पान उलटलं होतं.

त्या दिवशी काचेच्या मोठ्या भांड्यात पाणी भरून ठेवलं होतं. पाण्यावर सोडियमचा कण कसा पळतो, दर्शकाचे थेंब टाकलेलं पाणी कसं गुलाबी होतं, हे दाखवायचं होतं. तेवढ्यात ऑफिसातून परीक्षेच्या फॉर्मांवर सही करायला बोलावणं आलं. मी म्हटलं, "काका, तुम्ही दाखवा, मी आलेच." प्रयोगाच्या वेळी डोळ्यांना लावायचे चष्मे कपाटात होते. ते तपासणीच्या वेळी बाहेर निघायचे, एरवी कुलपात. किल्ली माझ्या पर्समध्ये आणि पर्स माझ्या खांद्यावर.

ऑफिसात पंधरा मिनिटं गेली. परत येताना जिन्यातच मला शांतता जाणवली. आमची मुलं कधी शांत नसतात. आत काका स्टुलावर बसलेले, डोळ्यांवर कोरडा रुमाल दाबलेला. कण पळता पळता भांड्याच्या काचेला चिकटला होता, काका वाकून पाहत होते, आणि तो फुटला होता. एक मुलगी पाण्याने भरलेला जग घेऊन त्यांच्यासमोर उभी होती, रडत. काकांचा एक हात तिला अडवत पुढे केलेला होता.

"मॅडम," ते म्हणाले, धडा पाठ असलेल्या मुलासारखे, "पोट्टी पाणी टाकून राहिली होती. मी लागू नाही दिलं."

नळ तिथून दहा पावलांवर होता. मी त्यांना ओढत नेलं, डोकं नळाखाली धरलं, ते म्हणत राहिले, "पाणी नको, मॅडम, पाणी नको." डोळ्यात उडालं होतं त्यात सोडियम उरलंच नव्हतं जवळजवळ. होता तो त्याचा पाण्याशी मिळून झालेला कॉस्टिक सोडा, तुंबलेली मोरी साफ करायला वापरतात तो. त्याला एकच उपाय, पाणी. कण दिसला तर चटकन काढायचा आणि मग ताबडतोब, भरपूर, थांबायचंच नाही. दवाखान्यात डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "कितनी देर बाद धोया?" उत्तर काकांनी दिलं. "मॅडम के आने तक किसी को हाथ नहीं लगाने दिया."

नंतर कॉलेजने नवे चष्मे आणले, डोळे धुवायचा नळ बसवला, वरातीमागून घोडं. लाल अक्षरांचा कागद मी फाडला. कोणी मला काही विचारलं नाही. काकांनीच सगळ्यांना सांगितलं होतं की चूक त्यांची, त्यांनी वाकायला नको होतं.

आणि रविवारी मी जायला लागले. कधी औषध, कधी संत्री. काकू, म्हणजे त्यांची बायको, चहा देत आणि त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं तरी मला वाटायचं, यांना कळलंय. चोराच्या मनात चांदणं. गल्लीतलं कोणी येऊन बसलं की काका गोष्ट सांगायचे. आमच्या मॅडमनी पोरांना कसं पक्कं शिकवलं होतं, आणि तसल्या आगीतही आपण पाणी कसं लागू दिलं नाही, नाहीतर अख्खा चेहरा गेला असता. गल्लीतले लोक माना डोलवायचे. त्या माणसाकडे आता एवढीच एक गोष्ट होती, आणि ती खोटी होती, आणि ती मी दिलेली होती.

गेल्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, "मॅडम, नव्या पोरांना तसंच शिकवून राहिल्या न? पानी नहीं?"

मी हो म्हणू शकले असते. त्यात कोणाचं काही गेलं नसतं. पण दोन वर्षं मी नीट झोपले नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला माझ्यापुरतं मोकळं व्हायचं होतं. मी सांगितलं. सगळं. पाणीच टाकायला हवं होतं. मी अर्धंच शिकवलं होतं.

काकांनी हाताने खाटेची कड चाचपली. मग म्हणाले, "किती वेळ टाकायचं असते?"

"पंधरा-वीस मिनिटं तरी. सारखं."

"अच्छा," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "त्या पोट्टीने तर आणलं होतं."

तेव्हा मला कळलं मी काय करून बसले. इतके दिवस डोळे गेले होते ते अपघाताने. आता ते त्यांनी स्वतःच्या हाताने दूर लोटले होते. माझं ओझं हलकं झालं नाही, त्यांना मात्र नवं मिळालं. मी माफी मागितली. त्यांनी ऐकलं की नाही ठाऊक नाही.

पुढच्या रविवारी दारातली खाट रिकामी होती. काकू दारातच भेटल्या. "मॅडम, तुम्ही काय सांगितलं यांना? आठ दिवस झाले, दिवसातून दहादा डोळे धुऊन राहिले. डॉक्टर बोलला काय असं?"

मी आत गेले. अंगणातल्या नळाखाली काका उकिडवे बसले होते, सदऱ्याची कॉलर भिजलेली, ओंजळीमागून ओंजळ उघड्या डोळ्यांवर मारत. माझ्या चपला वाजल्या तरी त्यांनी "आल्या मॅडम" म्हटलं नाही.

"घड्याळ पाहून सांगा," ते म्हणाले. "किती झाले?"

ते कधी बसले होते मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "पाच मिनिटं."

"म्हणजे अजून दहा तरी," ते म्हणाले आणि पुन्हा वाकले. मी घड्याळाकडे पाहत उभी राहिले.