जात्याचा अर्धा फेरा

मुक्ताबाई मुद्दाम जातं अडवते, याची छबूबाईला आता खात्रीच पटली होती.

निरवांगीच्या त्या भावकीत लग्न निघालं की हळदीचा घाणा छबूबाईशिवाय व्हायचा नाही. घरोघरी मिक्सर आले, तरी लग्नाची हळकुंडं दळायला माळ्यावरचं जातं खाली उतरायचं आणि खुंट्याला छबूबाई नि तिची धाकटी जाऊ मुक्ताबाई बसायच्या. नवरीची सगळी हकिकत छबूबाई ओवीत सांगायची, जन्मापासून मांडवापर्यंत, नावागावासकट. चाळीस वर्षं गळा एकीचा, हात दोघींचे. फेऱ्याला ओळ बसायची नि ओळीला फेरा.

पण गेल्या तीन लग्नांत ओवी ऐन रंगात आली की मुक्ताचा हात जड व्हायचा. फेरा अर्ध्यावर रेंगाळायचा आणि मुक्ता वर 'गं बाई, माझे बाई' असं काहीबाही घोळवायची. बायका माना डोलवायच्या आणि छबूबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हिला माझी जागा हवीय! परवा भेंडी तोडताना मुक्ता तिच्याच ओव्या गुणगुणत होती, एकूण एक नावासकट. चोरटी कुठली.

आता तर घरचंच लग्न होतं, नात उत्कर्षाचं. इथं दगाफटका नको होता.

जात्याभोवती रांगोळी झाली तशी ती म्हणाली, "मुक्ते, तू आज सूप धर. खुंट्याला मोना बसंल."

मुक्ताचा चेहरा उतरला. "बाई, आज नगं. आज तरी मला बसू द्या."

"का गं? आज काय हाय तुझं?"

मुक्तानं खाली बघत सूप उचललं. पकडली हिला, असं छबूबाईला वाटलं.

मोना तिची धाकटी सून, हाताची दणकट. जातं कसं न अडखळता गरगरू लागलं. छबूबाईला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिनं ओवी धरली,

"पाटाला फुटलं पाणी, ट्रॅक्टरात बसली आई..."

बायका हसल्या. उत्कर्षाच्या जन्माची ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. त्या दिवशी अडलेल्या बहिणीला घेऊन फुटलेल्या पाटाच्या पाण्यातून ट्रॅक्टर हाकणारा तिचा मामा मोहनराव दारातच फेटा सावरत उभा होता, आपलं नाव ऐकायला. घाण्यात नाव सुटलं तर मामा जेवायलासुद्धा थांबायचा नाही.

छबूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. नाक ओळखीचं, मिशा ओळखीच्या. नाव नव्हतं.

एक फेरा गेला, दुसरा गेला. मोना आपली ओढतच होती. असं कधी झालं नव्हतं. की होत होतं? सुप्याला दिलेल्या पोरीच्या घाण्यात? नरसिंहपूरच्या पोरीच्या? तेव्हा फेरा रेंगाळायचा, मुक्ता काहीबाही घोळवायची, आणि तेवढ्यात नाव सापडायचं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुक्तानं सूप खाली ठेवलं. मोनाच्या हातावर हात दाबून तिनं जातं जड केलं. "गं बाई, माझे बाई, मामाची काय सांगू..." अर्धा फेरा गेला. तरी नाव येईना. मग हळकुंड सारायच्या निमित्तानं मुक्ता वाकली आणि छबूबाईच्या कानाशी पुटपुटली, "मोहनराव."

"मोहनराव मामा म्हणं, भाचीला भारी घाई!"

दारात मामा खदखदून हसला. बायकांनी टाळ्या पिटल्या.

"मोना, ऊठ," छबूबाई म्हणाली. मुक्ताकडं तिला बघवेना. "मुक्ते, बस हितं. अजून नवऱ्या मुलाचं नाव घ्यायचं हाय."